जीवनाचे पावित्र्य आणि बेणारेबाईंवरील खटला

आपल्या मंडळाच्या गेल्या वाचनबैठकीत विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचे वाचन झाले. वाचन संपल्यावर सौंसरहून आलेल्या एका ज्येष्ठ भगिनींनी विचारले, “हे नाटक गर्भपाताच्या बाजूचे समजायचे की विरोधातले?” प्रश्न सरळ होता, पण बैठकीत त्याचे उत्तर कोणी दिले नाही. आम्हीही दिले नाही. पांढुर्ण्याला परतल्यावर मात्र आम्हांस ते नाटक पुन्हा हाती घ्यावे लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले, बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी गावी येते. प्रयोगाला अवकाश आहे, म्हणून वेळ घालवण्यासाठी ती एक खोटा खटला उभारते. आरोपी शिक्षिका लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा, कलम भारतीय दंड विधानाचे ३०२. थट्टेत सुरू झालेला हा खटला बघता बघता खरा होतो. अविवाहित बेणारेबाई गर्भवती आहेत, ही गोष्ट साक्षीपुराव्याच्या सोंगाखाली चव्हाट्यावर आणली जाते. या नाटकाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. मध्यमवर्गीय दांभिकता, स्त्रीची शिकार, पुरुषी न्याय हे सारे मुद्दे आले. परंतु ज्या जिवावरून हा सगळा खटला चालतो, त्या पोटातल्या जिवाविषयी समीक्षक फारसे बोललेले आमच्या वाचनात नाहीत.

शासकीय सेवेत आमचे आयुष्य कलमे आणि नियम चाळण्यात गेले. त्यामुळे असेल, पण आमची नजर प्रथम ३०२ या आकड्यावर अडली. १८६० च्या दंड विधानात गर्भपात हा गुन्हाच होता, पण त्याचे कलम ३१२. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गर्भाची हालचाल जाणवू लागली असल्यास सात वर्षांपर्यंत. ३०२ हे खुनाचे कलम. इंग्रजांनी केलेल्या कायद्यालाही गर्भपात म्हणजे खून असे म्हणावयाचे नव्हते. शांतिलाल शाह समितीचा अहवाल १९६६ अखेर सादर झाला, १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा या विषयाची चर्चा देशात चालू होती. अशा वेळी सुखात्म्यांसारखा वकील, भले तो व्यवसायात अपयशी असो, ३१२ सोडून ३०२ लावतो, ही आम्हांस लेखकाची नजरचूक वाटत नाही. गर्भातील जीव हा पूर्ण माणूस आहे आणि त्याचा अंत म्हणजे मनुष्यहत्या, अशी अत्यंत कडक भूमिका ही मंडळी नकळत घेते. मग त्या भूमिकेच्याच कसोटीवर तिला घासून पाहावयास काय हरकत आहे?

ही भूमिका आज जगात सर्वांत निःसंदिग्धपणे कॅथलिक चर्च मांडते. आपल्या स्मृतिग्रंथांनीही भ्रूणहत्येस महापातक म्हटले आहे. परंतु चर्चने तिची सुसंगत मांडणी केली आणि आधुनिक काळातही ती सोडली नाही. ही शिकवण दूरदेशीची म्हणून बाजूस सारण्याचे कारण नाही. वसईच्या कॅथलिक बांधवांची प्रार्थनेची भाषा मराठी आहे, आणि त्यांच्यातीलच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. चर्चच्या मते मनुष्यजीवन गर्भधारणेच्या क्षणापासून पवित्र आहे. ते ईश्वराचे देणे असल्याने निरपराध जिवाचा हेतुपुरस्सर अंत करण्याचा अधिकार आईला नाही, वैद्याला नाही आणि राज्यसत्तेलाही नाही. गर्भ बलात्कारातून राहिलेला असला तरी हा नियम शिथिल होत नाही. दुसरे जॉन पॉल यांनी २५ मार्च १९९५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘इव्हान्जेलियम व्हीटे’ म्हणजे ‘जीवनाची सुवार्ता’ या पत्रात ही शिकवण विस्ताराने आली आहे.

आता काशीकरांच्या न्यायालयाकडे वळू. तेथे मातृत्वाच्या पावित्र्याची भाषणे होतात, संस्कृतीचे दाखले दिले जातात. आणि निकाल काय लागतो? बेणारेबाईंच्या पोटातील मूल नष्ट करावे, असा! ज्या कृत्याचा आरोप, त्याच कृत्याची शिक्षा. आरोप खोटा होता. गर्भ जिवंत होता. त्याला मारण्याचा हुकूम या साऱ्या नाटकात फक्त न्यायाधीशाच्या तोंडून निघतो. उलट बेणारेबाईंना ते मूल हवे आहे. त्याला नाव मिळावे, घर मिळावे म्हणून त्या न आवडणाऱ्या पुरुषापुढेही लग्नाचा विषय काढतात. चर्चची शिकवण हातात धरून पाहिले, तर त्या रंगमंचावर जीवनाच्या पावित्र्याची बाजू घेणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे.

दुसरी गोष्ट प्रोफेसर दामल्यांची. मुलाचा बाप असलेले हे गृहस्थ नाटकभर रंगमंचावर येतच नाहीत आणि न्यायालय त्यांना दोष देत नाही. ‘जीवनाची सुवार्ता’ या पत्रात मात्र गर्भपाताच्या जबाबदारीचा विचार करताना आईच्या जोडीला प्रथम बापाचेच नाव घेतले आहे. गर्भपातासाठी दडपण आणणारा बाप तर दोषी आहेच, पण गर्भवतीला एकटीला टाकून जाणाराही दोषी आहे. मग कुटुंबीय, मित्र, वैद्य, कायदे करणारे असा तो हिशेब पुढे जातो. त्याच पत्रात गर्भपात केलेल्या स्त्रियांना उद्देशून धीराचे शब्द आहेत. त्यांचा निर्णय बहुधा वेदनेतून आला असेल, हे त्यात मान्य केले आहे. आपल्यापैकी अनेकांना हा भाग ठाऊक नसतो, कारण निषेधाचा भागच तेवढा सर्वत्र उद्धृत होतो.

एवढ्यावर लेख थांबवला तर तो एकांगी होईल. कारण ही शिकवण जेव्हा दंडसत्तेच्या हाती गेली, तेव्हा तिचेही काशीकर झाले. सीमाप्रश्नामुळे आपल्या परिचयाच्या असलेल्या बेळगावची कन्या, दंतवैद्य सविता हलप्पनवार, आयर्लंडमधील गॉलवे येथे राहात होती. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, गर्भ सतरा आठवड्यांचा असताना, तिचा गर्भपात अटळ झाला. तिने गर्भ काढून घेण्याची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू आहेत, या कारणास्तव ती नाकारण्यात आली. हा कॅथलिक देश आहे, असेही तिला सांगितले गेले. २८ ऑक्टोबर रोजी जंतुसंसर्गाने ती वारली. वय अवघे ३१. तेथील बिशपांनी पुढे स्पष्ट केले की आईपेक्षा गर्भाचा जीव मोलाचा मानावा, असे चर्चने कधीच शिकवलेले नाही. ते खरेही आहे. आईवरील आवश्यक उपचारात गर्भ न वाचला तर चर्च त्यास हत्या म्हणत नाही. परंतु कायद्याच्या भीतीने हात आखडलेल्या वैद्याला त्या सूक्ष्म भेदाचा आधार वाटला नाही. १९८३ साली आयर्लंडच्या संविधानात घातलेले गर्भरक्षणाचे कलम २५ मे २०१८ च्या लोकमतात सुमारे ६६ टक्के मतांनी रद्द झाले.

मग पावित्र्याचा विचार टाकून द्यावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याची परीक्षा कशी करावी, हे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवेने यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे. १८७४ साली काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच डॉक्टर यशवंत. आपल्या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीही सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्याचे निमित्त होऊन १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि अशा खटल्यात नसलेल्या आरोपीकडे, म्हणजे पुरुषाकडे, बोट दाखवले. जीव वाचवावा, असे फुले दांपत्यालाही वाटत होते. परंतु त्यासाठी त्यांनी न्यायालय उघडले नाही, घराचे दार उघडले.

सेवेत असताना गर्भलिंगनिदान प्रतिबंधासंबंधीच्या बैठकांना आम्हांस बसावे लागे. नोंदवह्या तपासल्या जात, त्रुटी काढल्या जात. आणि ते काम आवश्यकच होते. पण मुलगी नको म्हणून सासरने घराबाहेर काढलेली गर्भवती त्या रात्री कोठे जाईल, हा प्रश्न आम्ही एकाही बैठकीत विचारला नाही. त्यासाठी आमच्याकडे रकाना नव्हता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि पांढुर्णा व सावरगावचे लोक गोटमारीला उभे राहतात. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता आणि दोघांवर दोन्ही काठांवरून दगड आले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. दोन्ही काठांच्या लोकांना आपण अब्रू राखतो आहोत, असेच वाटत असणार. पाण्यात उतरून त्यांना हात देणारा मात्र त्या कथेत कोणी नाही. बेणारेबाईंच्या खटल्यातही नाही. गावचा भाबडा सामंत तेवढा कळवळतो, पण त्याचे तेथे काही चालत नाही.

म्हणून सौंसरच्या भगिनींना आमचे नम्र उत्तर असे : हे नाटक त्या बाळाच्या बाजूचे आहे, आणि आईला एकटी पाडून बाळाची बाजू घेता येत नाही, असे ते सांगते. कॅथलिक शिकवणीचा गाभाही आम्हांस याहून निराळा वाटत नाही, मग तिच्या नावाने कोणी काहीही केलेले असो. हे उत्तर भगिनींना न पटल्यास पुढील बैठकीत त्यांनी ते अवश्य खोडून काढावे. या वेळी आम्ही गप्प बसणार नाही.