सोंग आणि साक्ष

एखाद्या वर्गाच्या माणसांस वाङ्मयात स्थान मिळाले असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. शोकान्त नाटकात त्यांचे मरण रंगविले गेले, गंभीर कादंबरीत त्यांच्या दुःखाचे पृथक्करण झाले, म्हणजे टीकाकार सामान्यतः समाधान पावतात. आमच्या मते ही कसोटी अपुरी आहे. खरी कसोटी मुलांच्या हातातील पुस्तकाची होय. ज्या पुस्तकात भुते आहेत, भुयारे आहेत, मंतरलेले खड्ग आहे आणि शेवटी विजय आहे, त्या पुस्तकाचा नायक कोणास होता येते व कोणास येत नाही, यावरून समाज कोणास आपले समजतो ते कळते. दुःख भोगण्याची परवानगी आपण कोणासही देतो. जिंकण्याची परवानगी देताना मात्र आपला हात आखडतो.

ही कसोटी समलिंगी व पारलिंगी माणसांच्या बाबतीत मराठीस लावून पाहावी. त्यांच्याविषयी आपल्याकडे काहीच लिहिले गेले नाही असे कोणी म्हणणार नाही. कै. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली प्रसिद्ध झाली. बिंदुमाधव खिरे यांचे ‘पार्टनर’ हे पुस्तकही पुष्कळांच्या वाचनात असेल. या कृतींचे मोल आम्ही कमी मानीत नाही. परंतु तेंडुलकरांची नायिका मित्रा आत्मघात करून सुटते. कुंडलकरांच्या कादंबरीत बहीण व भाऊ एकाच पुरुषावर जीव लावतात आणि तो निघून गेल्यावर दोघांच्या वाट्यास पोकळी तेवढी उरते. या प्रौढांसाठी लिहिलेल्या शोककथा आहेत. दुसऱ्या बाजूस आपल्या अद्भुताची परंपरा पाहावी. १८६१ सालच्या ‘मुक्तामाले’पासून व १८६८ सालच्या ‘मंजुघोषे’पासून ती निघते, नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मध्ये भरास येते, आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेण्याच्या सायकलीवर बसून शाळकरी मुलांच्या जगात शिरते. या दीर्घ प्रवासात असा एकही नायक अथवा नायिका आमच्या वाचनात आलेली नाही.

नायक नाही, पण त्याची सावली मात्र जागोजाग आहे, हीच यातील मौज होय. आपल्या अद्भुत कथांचे एक ठरीव साधन म्हणजे वेषांतर. राजकन्या पुरुषवेषाने अश्वावर बसते, शूर पुरुष दासीच्या वेषाने अंतःपुरात शिरतो. वाचक त्यात रमतो, कारण शेवटच्या प्रकरणात वेष उतरणार, ज्याचे त्याला मिळणार आणि विवाहाची वाजंत्री वाजणार, याची त्याला खात्री असते. सोंग मान्य आहे, ते सोंगच आहे या अटीवर.

हीच अट आपल्या पुराणकथांतही आहे. पण तेथे तिला आणखी एक कठोर जोड मिळालेली दिसते, ती परीक्षेची. विराटाच्या दारी अर्जुन बृहन्नडा होऊन येतो, तेव्हा राजा त्याच्या शब्दावर विसंबत नाही. स्त्रियांकरवी तपास करवून मगच उत्तरेच्या नृत्यशिक्षणासाठी त्याला अंतःपुरात घेतो. शिखंडीची कथा याहून बोलकी आहे. द्रुपदाच्या घरी कन्या म्हणून जन्मलेले व पुत्र म्हणून वाढविलेले हे मूल. त्याचा विवाह दशार्णाच्या राजकन्येशी होतो, गुपित फुटते, युद्धाची वेळ येते. शिखंडी वनात जातो, स्थूणाकर्ण यक्षाशी आपल्या शरीराची अदलाबदल करतो आणि पुरुष होऊन परत येतो. तेव्हाही दशार्णाचा राजा स्त्रिया पाठवून खात्री करून घेतो. इतके झाल्यावर तरी प्रश्न मिटावा! परंतु कुरुक्षेत्रावर भीष्म त्याच्याकडे पाहून धनुष्य खाली ठेवतात; त्यांच्या लेखी तो अजून कन्याच. यक्षाने दिले, परीक्षकांनी मान्य केले, पण ज्याने मानायचे नाही असे ठरविले त्याने मानले नाहीच. साक्षीपुराव्याने मनुष्याचे स्वरूप सिद्ध करू पाहणाऱ्या प्रत्येक लेखकाने ही कथा उशाशी घेऊन निजावे, असे आम्हांस वाटते.

हे आम्ही भंडारा जिल्ह्यातील बपेरा या गावी बसून लिहीत आहो. तुमसर तालुक्यातले, मध्यप्रदेशच्या सीमेलगतचे हे गाव. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. दंडार व खडी गंमत उभी राहते. गंमतीत लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून नाचणारा नाच्या हा पुरुष असतो, आणि त्याच्या एका गिरकीवर सारे गाव लुब्ध होते. शहरी वाचकांनी यावर हसू नये. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शिरून शकुंतला झालेल्या बालगंधर्वांच्या नेसण्याचा कित्ता आपल्याच घरांतील स्त्रियांनी गिरविला होता. गावात काय, शहरात काय, दिव्यांच्या उजेडात आपण हे रूप डोक्यावर घेतो. प्रश्न आहे तो उजाडल्यानंतरचा. त्या गर्दीत बसलेला एखादा पंधरा वर्षांचा मुलगा कल्पनेत आणावा, की ज्याला समोरचे सोंग हे सोंग न वाटता आपल्या अंतरीची खूण वाटते. अथवा एखादी मुलगी, की जिला आपण मुलगा आहोत हे कोणी न शिकविता ठाऊक आहे. त्या मुलाने शाळेच्या कपाटातून साहसाचे पुस्तक काढले, तर त्यात त्याला वेषांतर सापडेल. तो स्वतः सापडणार नाही.

ही उणीव भरून काढण्याचा एक उद्योग अलीकडे अमेरिकेत झाला आहे, आणि तो ज्यांनी केला ते लोक आपणांस वाटतात तितके परके नाहीत. मेक्सिको, क्युबा, कोलंबिया आदि देशांतून आलेल्या कुळांतील लोकांस तिकडे लॅटिनो म्हणतात. स्त्री असल्यास लॅटिना. या दोहोंत न मावणाऱ्यांसही सामावून घ्यावे म्हणून काहींनी ‘लॅटिनेक्स’ असा शब्द घडविला. एकत्र कुटुंब, वडीलधाऱ्यांचा धाक, देवीची भक्ती, आणि नोव्हेंबरच्या १ व २ तारखेस मृतांसाठी पाने मांडण्याची रीत, हे त्यांच्या घरचे वातावरण. सर्वपित्री अमावास्या पाळणाऱ्या घरास ते समजावून सांगण्याची गरज नाही.

एडन थॉमस या लेखकाची ‘सेमेटरी बॉईज’ ही कादंबरी २०२० साली निघाली व त्या वर्षीच्या अमेरिकी राष्ट्रीय ग्रंथ पुरस्काराच्या पहिल्या यादीत तिचा समावेश झाला. लॉस एंजेलिसच्या पूर्वभागात एका दफनभूमीत राहणाऱ्या मांत्रिक कुळाची ही कथा. कुळातील पुरुष पवित्र खंजिराने अडकलेल्या आत्म्यांस गती देतात, स्त्रिया रोग बरे करतात. पंधराव्या वर्षी मृत्युदेवीसमोर मुलामुलींचा संस्कार होतो. नायक याद्रिएल हा पारलिंगी मुलगा आहे. घरचे त्याला मुलग्यांचा संस्कार देईनात, म्हणून मारित्सा या चुलत बहिणीस हाताशी धरून तो स्वतःच विधी उरकतो, आणि देवी त्याला स्वीकारते. मग मारल्या गेलेल्या एका भावाचा आत्मा शोधण्यास तो निघतो, तर भलताच एक शाळूसोबती भूत होऊन पुढे उभा राहतो व प्रेमकथेस आरंभ होतो.

या कादंबरीचा मोठा गुण असा की तिचा नायक घर सोडून जात नाही. अशा विषयावरील पुष्कळशा कथांत मुक्तीचा मार्ग स्टेशनाकडे जातो. गाव सुटले म्हणजे बंधने सुटली. याद्रिएलला मुक्ती नको आहे, त्याला पानावर बसायचे आहे. आपल्याच पूर्वजांच्या विधीत, आपल्याच आजीच्या डोळ्यांदेखत, आपल्या नावाने जागा मिळावी एवढेच तो मागतो. दोष सांगावयाचा तर खलपुरुष चाणाक्ष वाचकास लवकर ओळखू येतो, आणि काही संवाद पात्रांसाठी नसून वाचकास धडा देण्यासाठी घातल्यासारखे वाटतात.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. याद्रिएलचे म्हणणे खरे ठरते ते देवीने कौल दिल्यामुळे. त्याने आत्म्यांस गती देऊन दाखविली, प्राण पणास लावले, तेव्हा कुळाने मान डोलविली. म्हणजे येथेही परीक्षा आलीच. दशार्णाच्या राजाने पाठविलेल्या स्त्रियांची जागा मृत्युदेवीने घेतली इतकेच! ज्याला कोणत्याही देवीने कौल दिला नाही, ज्याच्या हाती खंजीर नाही व ज्याने कोणाचा जीव वाचविला नाही, अशा साध्या मुलाने काय करावे? बपेऱ्यातील त्या मुलाच्या घरी चमत्कार होणार नाही. तेथे त्याचा शब्द आहे, आणि समोर आईबाप आहेत.

हा प्रश्न केवळ कथेतला नाही. २०१४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग कोणते हे ज्याचे त्याने ठरवावे असा निर्णय दिला. २०१९ च्या कायद्याने त्यावर जिल्हाधिकाऱ्याचा दाखला घालून दिला. शब्द पुरे की दाखला हवा, हा वाद कचेरीतही तोच व अंतःपुरातही तोच.

याच गटातील आणखी दोन पुस्तके या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. ॲना-मरी मॅकलेमोर यांच्या २०१६ सालच्या ‘व्हेन द मून वॉज अवर्स’मध्ये मिएल या मुलीच्या मनगटातून गुलाब उगवतात आणि तिचा सोबती सॅम चंद्र रंगवून झाडांवर टांगतो. सॅमचे कूळ पाकिस्तानातले. अफगाणिस्तान व पाकिस्तान या भागांत पुत्र नसलेल्या काही घरी मुलीस काही वर्षे मुलग्याच्या वेषात वाढविण्याची रीत आहे. तिला ‘बच्चा पोश’ म्हणतात. वयात आल्यावर वेष उतरवायचा, ही तिची अट. सॅम तो वेष उतरवू इच्छीत नाही, कारण त्याच्यापुरते ते सोंग कधीच नव्हते. आपल्या वेषांतराच्या कथांस इतके नेमके उत्तर आमच्या पाहण्यात दुसरे नाही. दुसरे पुस्तक थॉमस यांचेच, २०२२ सालचे ‘द सनबेअरर ट्रायल्स’. पक्ष्यांच्या देवतेचा पुत्र तेओ हाही पारलिंगी. पण त्या कल्पित राज्यात तो मुलगा आहे किंवा नाही हे कोणी विचारीत नाही. ज्या स्पर्धेत शेवटी राहणाऱ्याचा बळी जातो, तीत तो ओढला जातो. परीक्षा आहे, आणि ती भयंकर आहे; पण ती शौर्याची आहे. पहिल्या पुस्तकापेक्षा हे पुस्तक भावनेत उथळ असेल, तरी एका पावलाने ते पुढे आहे.

असे पुस्तक मराठीत लिहू म्हणणाऱ्यास आपली भाषा अडवील की साहाय्य करील? इंग्रजीत ‘मी’चे लिंग क्रियापदात उमटत नाही. मराठीत ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हटल्यावाचून घराचा उंबरठा ओलांडता येत नाही. काहींस हा अडसर वाटेल. आम्हांस ती संपत्ती वाटते. घरातील सारी मंडळी ‘कोठे गेली होतीस?’ म्हणून विचारीत आहेत आणि मूल ‘शेतावर गेलो होतो’ म्हणून उत्तर देत आहे, या दोन वाक्यांत जे नाट्य आहे ते उभे करण्यास इंग्रजी लेखकास पाने खर्चावी लागतील. ज्याला अजून उघड बोलायचे नाही त्याच्यासाठीही मराठीने आडोसे ठेवले आहेत. ‘मी तरवार उचलली’, ‘मला भीती वाटली’, ‘मी परत येईन’ यांत बोलणारा कोण हे कळत नाही. फार काय, ‘आम्ही आलो’ यातही ते कळत नाही. या पानांवर आम्ही ‘आम्ही’ म्हणून इतकी वर्षे लिहीत आहो, त्याबद्दल वाचकांनी आमच्याकडे कधी दाखला मागितलेला नाही.

मुलांच्या पुस्तकात हा विषय कशास, असा प्रश्न काही पालक करतील. शिखंडी व बृहन्नडा मुलांस आपणच सांगितले आहेत. विषय नवा नाही, त्याला नायकपद देणे तेवढे नवे आहे. आणि असे मूल पुस्तकामुळे घरात येत नाही. ते आधीच घरात असते, पुस्तक वाचीत असते, व आपल्यासारखा कोणी बावनथडी ओलांडून रानात शिरला आणि धडधाकट परत आला काय, हे शेवटच्या पानापर्यंत शोधीत असते. ते परत आले म्हणजे दारातल्या आईने त्याच्याकडे पुरावा मागू नये; ‘आलास? हातपाय धू, जेवायला बस,’ एवढेच म्हणावे. अशा एका साध्या वाक्याने संपणारी साहसकथा मराठीत कोणी लिहिली, तर तिचे परीक्षण करण्याचा मान आम्हांस मिळावा, अशी आमची इच्छा आहे.