पडद्यावरचे आडनाव

मी चित्रपटसमीक्षक नव्हे. खिसा पाहून वर्षातून पाचसहा वेळा सिनेमाला जाणारा एक साधा प्रेक्षक आहे. मिलिंद महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा नागसेनवनातून पायी 'अंजली'ला, 'सादिया'ला जात असू. पडद्यावर आमचे कोणी नसे आणि नसल्याची खंतही वाटत नसे. नायकाला आडनाव असे. ते आपले नसणार, हे आम्ही गृहीतच धरले होते.

हिंदी पडद्यावर अस्पृश्य आली ती नायिका म्हणून. 'अछूत कन्या'तल्या (१९३६) कस्तुरीने प्राण दिला, 'सुजाता'ने (१९५९) रक्त दिले; तेव्हा कुठे सवर्णांचे हृदय द्रवले. माणूस ठरण्यासाठी आमच्याकडून एवढी किंमत मागितली गेली. हे दोन्ही चित्रपट आपल्या काळात धाडसाचे होते, हे मान्य करूनही हा हिशेब विसरता येत नाही.

२०२५ साली मात्र मी एका वर्षात असे तीन हिंदी चित्रपट पाहिले, की ज्यांच्या केंद्रस्थानी जात होती. पहिला 'फुले'. तो ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतल्यावर २५ एप्रिलला आला. परीक्षण मंडळाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला सांगितले, असे वृत्तपत्रांत वाचले होते. प्रश्न असा की, शब्द काढल्याने कोणाची लाज झाकली गेली? ज्यांनी ती व्यवस्था सोसली त्यांची, की ज्यांनी ती चालवली त्यांची? आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले'ला (१९५४) राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले होते. सत्तर वर्षांनंतर त्याच जोतीरावांना पडद्यावर यायला पंधरा दिवस ताटकळावे लागले. ही प्रगती कोणत्या दिशेने झाली, ते वाचकांनीच ठरवावे.

दुसरा 'धडक २'. हा मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) या तमिळ चित्रपटावर बेतलेला. 'सैराट'वरून केलेल्या पहिल्या 'धडक'मधून (२०१८) जात जवळजवळ हद्दपारच झाली होती. इथे निदान नायकाला नीलेश अहिरवार असे पूर्ण नाव आहे. तो कायद्याचा विद्यार्थी आहे. परंतु पुस्तकापेक्षा त्याला बसणाऱ्या मारावरच कॅमेरा अधिक रेंगाळतो, असे मला सतत वाटत राहिले.

तिसरा नीरज घायवान यांचा 'होमबाउंड'. चंदन आणि शोएब हे दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान. चंदन आपले पूर्ण नाव सांगताना बिचकतो. ते दृश्य पाहताना मी खुर्चीत अवघडलो. या शहरात खोली शोधताना एका घरमालकाने मला नाव विचारले होते. मी पहिले नाव सांगून थांबलो. 'पुढे?' असे तो म्हणाला. पुढचे मी खोटे सांगितले. खोली मिळाली. त्या खोलीत दोन वर्षे बाबासाहेबांची तसबीर पेटीत राहिली. चंदनकडे पाहताना मला ती पेटी दिसत होती.

टाळेबंदीत हे दोघे सुरतेहून घरी निघतात. चंदन पोचत नाही. आपल्या शहरातल्या प्रेक्षकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्य प्रदेशात आपल्या गावी जायला ते चालत निघाले होते. रुळांवर पडलेल्या भाकरींचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. चित्रपट संपला तेव्हा सभागृहात काही लोक डोळे पुसत होते. मीही त्यांतलाच. पण मनात आले, रडणे सोपे आहे. करमाड तर तासाभराच्या आत आहे.

तिन्ही चित्रपट प्रामाणिक आहेत. तरीही समाधान होत नाही, ते का? पडद्यावर आम्ही मार खातो, धावतो, मरतो. वाचताना, वाद घालताना, हसताना फार कमी दिसतो. दलित साहित्याने वेदना सांगितली, पण वेदनेवर ते थांबले नाही. त्याने नकार दिला, विचार मांडला. 'फँड्री' (२०१४) पाहताना डुकरामागे धावणाऱ्या कुटुंबाला आमच्या सभागृहात लोक हसत होते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड पडद्यातून आमच्याच अंगावर आला आणि हसू बंद झाले. 'झुंड'मधल्या (२०२२) जयंतीत वस्ती नाचते, ती कोणाची दया मागत नाही. नागराज मंजुळे यांच्या या दोन चित्रपटांत प्रेक्षकालाच जाब विचारलेला आहे. हिंदी चित्रपट अजून प्रेक्षकाच्या अश्रूंपाशी थांबतो.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. हे तिन्ही चित्रपट मी मॉलमध्ये पाहिले. सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहत उभा राहणारा मजूर तिथे नव्हता. तिकिटाच्या पैशात त्याच्या घरची दोन दिवसांची भाजी येते. म्हणजे ज्याची कथा, तोच बाहेर.

आपण पडद्यावर दिसलो, एवढ्यानेच कृतज्ञ होण्याची आपल्याला घाई झाली आहे. ती टाळली पाहिजे. दिसणे ही सुरुवात आहे. पूर्ण नाव न बिचकता सांगणारा नायक येईल, तेव्हा कदाचित पेटीतली तसबीर भिंतीवर लावण्याचे धैर्य माझ्यासारख्या प्रेक्षकालाही त्याच्याकडून मागावे लागणार नाही. ते त्याच्या आधी आपणच दाखवलेले असावे.