कला शाखेचा विद्यार्थी : साचेबंद प्रतिमा आणि तिची सत्यासत्यता

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात कला शाखेच्या विद्यार्थ्याविषयी जे बोलले जाते, ते बहुधा ठरलेले असते. त्याला दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून तो येथे आला, तो वर्गात बसत नाही, वाचत नाही, परीक्षेच्या तोंडावर गाइड विकत घेतो आणि पदवीनंतर काय करावयाचे हे त्याला ठाऊक नसते. हे वर्णन इतके सरावाचे झाले आहे की ते तपासून पाहावे असे आपल्याला वाटत नाही. ते खोटे आहे असे एकदम म्हणणे सोपे आहे. पण ज्याला अध्यापनाचा थोडाही अनुभव आहे, तो त्यातील काही अंश नाकारू शकणार नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो की ही प्रतिमा कितपत खरी आहे, कोणत्या अर्थाने खरी आहे आणि ती खरी ठरण्यात आपला वाटा किती आहे. प्रस्तुत लेखात मराठी साहित्यातील काही कृती, उच्च शिक्षणाची उपलब्ध आकडेवारी आणि परदेशातील एक समांतर उदाहरण यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

साचा आणि सत्य

समूहाविषयीच्या ठोकळेबाज कल्पनेसाठी ‘स्टिरिओटाइप’ हा मुद्रणव्यवसायातील शब्द वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात रूढ केला. माणूस आधी पाहतो आणि मग व्याख्या करतो असे नसून, बहुतेक वेळा आधी व्याख्या करतो आणि मग पाहतो, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. पुढे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांची चिकित्सा करताना अशा कल्पनेत कधी सत्याचा कण असू शकतो आणि कधी तोही नसतो, हे दाखवून दिले. याचे नमुनेदार उदाहरण ला पिएर यांनी १९३६ साली मांडले होते. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो परगण्यातील आर्मेनियन लोक अप्रामाणिक आहेत असा तेथे सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्ष नोंदी तपासल्या असता त्या समजाला आधार मिळाला नाही.

यावरून दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एखाद्या समूहाविषयीचे विधान सरासरीने बरोबर आहे किंवा नाही, हा एक प्रश्न. ते बरोबर असल्यास त्याचे कारण त्या समूहाच्या स्वभावात आहे की परिस्थितीत, हा दुसरा. आपल्या बोलण्यात पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले की दुसऱ्याचेही उत्तर मिळाले असे गृहीत धरले जाते. कला शाखेविषयीच्या चर्चेतील मुख्य दोष हाच आहे.

वसतिगृह आणि कट्टा

मराठी वाचकाच्या मनातील महाविद्यालयीन तरुणाची प्रतिमा घडविण्यात भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा वाटा मोठा आहे. खानदेशातील सांगवी या गावातून पुण्याला आलेला पांडुरंग सांगवीकर हा सधन शेतकऱ्याचा मुलगा. वसतिगृह, मेस, परीक्षा, वडिलांकडून येणारे पैसे यांत त्याची वर्षे जातात आणि हाती काही न लागता तो गावी परततो. या कथानकाचा ढोबळ सारांश घेतला तर ध्येयहीन, उधळ्या विद्यार्थ्याचे चित्र तयार होते आणि अनेकांनी ते तसेच घेतले. पण कादंबरी जवळून वाचली तर पांडुरंग मंद नाही, निष्क्रियही नाही. भोवतालच्या माणसांचे, भाषेचे, संस्थात्मक दांभिकतेचे त्याचे निरीक्षण अत्यंत तीक्ष्ण आहे. नापास होतो तो विद्यार्थी, परंतु तपासली जाते ती शिक्षणव्यवस्था. निबंध आणि प्रश्नपत्रिका यांच्या चौकटीत न मावणारी बुद्धी या व्यवस्थेला ओळखता येत नाही, हे कादंबरीचे एक महत्त्वाचे सूचन आहे. साचा घेणाऱ्यांनी नायकाचे अपयश घेतले आणि त्याची दृष्टी सोडून दिली.

दुसरी लोकप्रिय प्रतिमा सुहास शिरवळकर यांच्या ‘दुनियादारी’ची. पुण्यातील महाविद्यालयीन कट्ट्याभोवती फिरणारी ही कादंबरी १९८० च्या दशकातील. २०१३ साली संजय जाधव यांच्या चित्रपटामुळे ती नव्या पिढीपर्यंत पोहोचली. मैत्री, प्रेम, मारामारी आणि वर्गाबाहेरचा वेळ म्हणजेच महाविद्यालय, ही समजूत या कृतीमुळे अधिक घट्ट झाली. कादंबरी म्हणून तिची गुणवत्ता येथे विचाराधीन नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की कट्ट्यावर बसण्यासाठी रिकामा वेळ लागतो आणि रिकामा वेळ ही सर्वांना सारखी मिळणारी वस्तू नव्हे.

या दोन्ही कृतींत केंद्रस्थानी तरुण मुलगा आहे. विद्यार्थिनी आहे ती प्रामुख्याने त्याच्या नजरेतून. वस्तुतः देशभरातील बी.ए.च्या वर्गांत आज मुलींची संख्या निम्म्याहून अधिक आहे. म्हणजे शाखेतील बहुसंख्य घटक तिच्या प्रचलित प्रतिमेत जवळजवळ अनुपस्थित आहे. एखाद्या प्रतिमेच्या अचूकतेविषयी याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

दुसरी परंपरा

मराठी साहित्यातच या प्रतिमेला छेद देणारी एक समर्थ परंपरा आहे. ती कादंबरीपेक्षा आत्मकथनात अधिक आढळते. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त (१९८७) कागलच्या शेतकरी कुटुंबातील मुलगा वडिलांच्या विरोधाशी आणि दारिद्र्याशी झगडत शिकतो. ‘नांगरणी’त हा झगडा पुढे महाविद्यालयीन जीवनापर्यंत येतो. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये (१९७९) पोटाची भूक आणि शिकण्याची ओढ यांच्यातील संघर्ष मराठवाड्याच्या बोलीत साकारला आहे. ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) तर नोकरी, संसार आणि मुले सांभाळून विवाहानंतर पदवी व पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या स्त्रीची कथा सांगते. घरातून होणारा विरोध हाही तेथे अभ्यासक्रमाचाच एक भाग आहे.

या तिन्ही लेखकांच्या दृष्टीने कला शाखा ही दुसरीकडे जागा न मिळालेल्यांची जागा नव्हती. शिक्षण म्हणजे भाषा मिळविणे, आणि भाषा मिळविणे म्हणजे स्वतःविषयी बोलण्याचा अधिकार मिळविणे, असा तेथे अर्थ होता. हा योगायोग नव्हे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) पुढे मिलिंद नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभारले आणि ‘कमवा व शिका’ ही कल्पना उच्च शिक्षणात आणली. या संस्थांतून कला शाखेत आलेला विद्यार्थी वेळ घालविण्यासाठी आलेला नव्हता. त्याचा वेळ श्रमाच्या मोबदल्यात मिळालेला होता.

मग कट्ट्याची प्रतिमा लोकप्रिय आणि ही प्रतिमा मागे, असे का झाले? आत्मकथने आपण दलित साहित्य, ग्रामीण साहित्य या शीर्षकांखाली अभ्यासक्रमात लावली, परंतु ती ‘विद्यार्थ्याविषयीचे साहित्य’ म्हणून वाचली नाहीत. त्यामुळे त्यांतील विद्यार्थी अपवादात्मक जिद्दीचा ठरला आणि कट्ट्यावरचा मुलगा सर्वसाधारण.

आकडे काय सांगतात

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार पदवी स्तरावरील नोंदणीत कला शाखेचा वाटा ३४.२ टक्के होता. विज्ञान १४.८, वाणिज्य १३.३ आणि अभियांत्रिकी व तंत्रज्ञान ११.८ टक्के. पदवी घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी एका शाखेत असतील, तर त्या सर्वांना लागू पडेल असे स्वभाववर्णन तत्त्वतःच अशक्यप्राय आहे. लहान समूहाविषयीचा साचा निदान तपासता येतो. एवढ्या विस्तीर्ण समूहाविषयीचा साचा म्हणजे वर्णन नव्हे, प्रतवारी होय.

ही प्रतवारी नैसर्गिक नाही. तिला इतिहास आहे. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. त्यानंतरच्या काळात शुल्क भरू शकणाऱ्या कुटुंबांची मुले मोठ्या प्रमाणावर तिकडे वळली. कला शाखेत शुल्क कमी आणि महाविद्यालय तालुक्याच्या गावी उपलब्ध. दहावीच्या गुणांनुसार होणारी विभागणी त्यात मिसळली. अशा रीतीने शाखा आणि कुटुंबाची ऐपत यांची सांगड पडली. ‘दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही’ हे विधान म्हणूनच अर्धसत्य आहे. अनेकांच्या बाबतीत दुसरीकडचा प्रवेश परवडला नाही, किंवा मुलीला बाहेरगावी पाठविण्यास घर तयार झाले नाही, असे ते वाचावयास हवे.

गैरहजेरीचेही तसेच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी यांचा हंगाम असतो. प्रथम सत्राच्या परीक्षाही त्याच सुमारास येतात. दसरा-दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे स्थलांतरित होतात. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा पहाटे मैदानावर असतो आणि दुपारी अभ्यासिकेत. हजेरीपटावर या सर्वांची नोंद एकच होते. हजेरीपट खोटे बोलत नाही, पण तो कारणही सांगत नाही.

एक समांतर उदाहरण

अमेरिकेतील ‘लिबरल आर्ट्स’ महाविद्यालयांच्या विद्यार्थ्याविषयीचा साचा याच्या नेमका उलट आहे : तो श्रीमंत घरचा, व्यवहारशून्य आणि सुरक्षित कोशात वाढलेला. राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३८ महाविद्यालये व विद्यापीठे अशी आढळली, की जेथे उत्पन्नाच्या वरच्या एक टक्क्यातील कुटुंबांचे विद्यार्थी खालच्या साठ टक्क्यांतील विद्यार्थ्यांपेक्षा संख्येने अधिक होते. त्यांत काही नामांकित लिबरल आर्ट्स महाविद्यालयेही होती. साच्यात सत्याचा कण आहे. परंतु केंटकी राज्यातील, १८५५ साली स्थापन झालेले बेरिया महाविद्यालय हेही लिबरल आर्ट्स महाविद्यालयच आहे. तेथे शिकवणी शुल्क घेतले जात नाही, अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य दिले जाते आणि प्रत्येक विद्यार्थी काम करून शिकतो. साताऱ्याचा शिक्षक बेरियाच्या शिक्षकाला चटकन समजू शकेल.

यातून निष्पन्न होते ते असे की विषय विद्यार्थ्याचा स्वभाव ठरवीत नाहीत. प्रवेशाची आणि शुल्काची रचना विद्यार्थिवर्ग ठरविते. आपल्याकडेही गेल्या दशक-दीड दशकात पुणे-मुंबईसारख्या शहरांत ‘लिबरल आर्ट्स’ या इंग्रजी नावाने महागडे अभ्यासक्रम सुरू झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील चौसष्ट कलांचा दाखला देऊन बहुविद्याशाखीय शिक्षणाचा गौरव केला. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, मानसशास्त्र हेच विषय इंग्रजीत आणि भरघोस शुल्क भरून शिकले तर विद्यार्थी चौकस व सर्जनशील म्हणविला जातो. मराठीत आणि तालुक्याच्या गावी शिकले तर तोच विद्यार्थी ‘आर्ट्सचा पोरगा’ होतो. एकाच विद्याशाखेला परस्परविरुद्ध दोन साचे लागू होत असतील, तर साचा विद्येविषयी काही सांगत नाही. तो ऐपतीविषयी सांगतो.

अध्यापकाचा वाटा

साच्याचा खरा धोका वर्गात आहे. विद्यार्थी वाचणार नाही असे मानून आपण मूळ ग्रंथाऐवजी टिपणे देतो. टिपणे मिळाल्यामुळे तो ग्रंथ वाचत नाही. तो वाचत नाही म्हणून आपले मत पक्के होते. ‘कोसला’ अभ्यासक्रमात असूनही तिचा सारांश वाचून उत्तीर्ण होणारा विद्यार्थी हा आपल्याच अपेक्षेचे फळ आहे. येथे दोष केवळ व्यक्तीवर टाकणे योग्य होणार नाही. रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावर चालणारे अध्यापन यांमुळे अनेक विभागांत विद्यार्थ्याला ओळखण्याइतका काळ शिक्षकच टिकत नाही. परंतु ज्यांना तो काळ मिळाला आहे, त्यांना ही सबब सांगता येणार नाही.

आक्षेप घेतला जाईल की परिस्थितीच्या नावाखाली प्रत्येक आळसाचे समर्थन होऊ लागेल. आक्षेप रास्त आहे. आळशी विद्यार्थी आहेत, आणि ते सर्व शाखांत आहेत. प्रस्तुत विवेचनाचा रोख एवढाच आहे की कोण आळशी आणि कोण थकलेला, हे साच्यावरून कळत नाही. ते विचारावे लागते.

समारोप

कला शाखेच्या विद्यार्थ्याविषयीची रूढ प्रतिमा काही लक्षणांपुरती खरी आहे. त्या लक्षणांच्या कारणांविषयी ती बहुतांशी चुकीची आहे. आणि मुलींविषयी व श्रम करून शिकणाऱ्यांविषयी ती जवळजवळ मुकी आहे. मराठी साहित्याने या विद्यार्थ्याची पुरेशी चित्रे आपल्यासमोर ठेवली आहेत. आपण त्यांतील सोयीचे तेवढे निवडले. ‘झोंबी’, ‘आठवणींचे पक्षी’ आणि ‘आयदान’ या कृती ज्या वर्गात शिकविल्या जातात, त्याच वर्गात त्यांचे पुढचे लेखक बसलेले असू शकतात. हजेरी घेताना एवढे भान राहिले तरी अध्यापनाची सुरुवात योग्य ठिकाणाहून होईल.