वडशाच्या नाटकांना ‘कार्निव्हल’ म्हणायचं का?

पेट पास होऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या सगळ्यांसाठी आजचा लेख आहे. विषय एकच: बाहेरून आलेला सिद्धांत आपल्या भागातल्या गोष्टीला लावण्याआधी काय तपासायचं? उदाहरण घेतलंय झाडीपट्टी रंगभूमीचं, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण चंद्रपूर-गडचिरोलीकडचे आहेत आणि हा विषय अनेकांच्या यादीत असतो.

या विषयावर वाचायला लागलात की लवकरच एक शब्द समोर येतो: कार्निव्हल. मोह पडण्यासारखाच आहे तो. दिवाळी ते होळी हंगाम, गावोगावी मंडई, शंकरपट, रात्रभर नाटक, हशा, टिंगल, पाहुण्यांची गर्दी. मग कुणीतरी सुचवतं, ‘बाख्तिन वाचा.’ आपण वाचतो, पटतं, आणि दुसऱ्या प्रकरणाचं शीर्षक तयार होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. झाडीपट्टीच्या नाटकांना बाख्तिनच्या अर्थाने कार्निव्हल म्हणणं टिकत नाही. पण स्पेनच्या किनाऱ्यावरच्या कादिझ शहरात जो खराखुरा कार्निव्हल भरतो, त्याच्या शेजारी वडसा ठेवून पाहिलं तर हाती बरंच लागतं. सिद्धांताशी तुलना वेगळी आणि ठिकाणाशी तुलना वेगळी.

बाख्तिन नेमकं काय म्हणतो?

मिखाईल बाख्तिन हा रशियन अभ्यासक. सोळाव्या शतकातला फ्रेंच लेखक राब्ले याच्यावर त्याने प्रबंध लिहिला. १९४० साली तो पूर्ण झाला, युद्धामुळे रखडला, १९४६ साली मॉस्कोत त्याची तोंडी परीक्षा झाली आणि परीक्षकांत जोरदार वाद झाला. शेवटी डॉक्टरेट नाकारली गेली आणि खालची ‘कँडिडेट’ पदवी मिळाली. पुस्तक छापून यायला १९६५ साल उजाडलं. व्हायव्हाची भीती वाटत असेल तर हा इतिहास लक्षात ठेवा.

त्याचा मुद्दा थोडक्यात असा. कार्निव्हलमध्ये रोजची उतरंड काही काळ स्थगित होते. राजा विदूषक होतो, विदूषक राजा. हसणारा स्वतःलाही हसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कार्निव्हलला रंगमंच नसतो. करणारे आणि बघणारे अशी फाळणी नसते, सगळे त्यातच जगतात.

हे शेवटचं वाक्य अधोरेखित करा. बाकीचं सैलसर आहे, कुठेही बसवता येतं. हे मात्र तपासता येतं. रंगमंच आहे की नाही, हे डोळ्यांनी दिसतं.

आधी कॅलिब्रेशन: कादिझ

मी मूळची रसायनशास्त्राची. आमच्याकडे नवं उपकरण आलं की लगेच आपला नमुना त्यात घालत नाहीत. ज्याचं उत्तर माहीत आहे असा मानक नमुना आधी घालतात आणि उपकरण बरोबर आकडा दाखवतं का ते बघतात. सिद्धांतालाही हीच परीक्षा द्या. कार्निव्हलचा सिद्धांत कार्निव्हललाच लागू पडतो का?

मराठी वाचकाला कार्निव्हल म्हटलं की गोवा आठवतो. पण पणजीची चित्ररथांची मिरवणूक, किंग मोमोसकट, १९६५ पासूनची. त्याहून जुनी गोष्ट सासष्टीच्या गावांतल्या ‘खेळां’ची. पर्यटकांच्या फोटोत ते क्वचित येतात. म्हणून मानक नमुना म्हणून मी कादिझ घेते.

कादिझ हे अंदालुसिया प्रांतातलं अटलांटिकवरचं बंदर. तिथल्या कार्निव्हलचा प्राण आहे शब्द. ‘चिरिगोता’ नावाचे विनोदी गायकांचे गट दरवर्षी नवी गाणी रचतात: त्या वर्षीचं राजकारण, घोटाळे, महागाई, शेजारपाजार. ‘कोम्पार्सा’ थोडी गंभीर, ‘कोरो’ म्हणजे मोठा गायकवृंद. हे गट गातात कुठे? आधी ग्रान तेआत्रो फाया या नाट्यगृहात, परीक्षकांसमोर, तिकीट काढलेल्या प्रेक्षकांसमोर. स्पर्धा कित्येक आठवडे चालते आणि अंतिम फेरी रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत जाते. म्हणजे रंगमंच आहे, तिकीट आहे, नियम आहेत, बक्षीस आहे. याच शहरात स्पर्धेत न उतरणारे गट रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून गातात. त्यांना नावच पडलंय ‘इलेगालेस’, म्हणजे बेकायदेशीर.

आता सत्तेचं बघा. १९३७ साली फ्रँकोच्या राजवटीने कार्निव्हलवर बंदी घातली. १९४७ साली कादिझमध्ये मोठा स्फोट झाला, शहर खचलं, आणि १९४८ पासून गाणाऱ्या गटांना पुन्हा परवानगी मिळाली. पण ‘कार्निव्हल’ हे नाव नाही, आणि गाण्याचे शब्द सेन्सॉरकडून तपासून. १९६७ साली सणच मे महिन्यात ढकलला. फ्रँको वारल्यावर १९७७ साली तो पुन्हा फेब्रुवारीत आला. उंबेर्तो एको या इटालियन लेखकाने बाख्तिनवर हाच आक्षेप घेतला होता: परवानगी घेऊन केलेला नियमभंग नियम पक्काच करतो.

कॅलिब्रेशनचा निकाल काय? उपकरण कादिझच्या रस्त्यावर बऱ्यापैकी आकडा दाखवतं, नाट्यगृहात दाखवत नाही. सिद्धांत खोटा ठरला असं नाही, त्याची मोजण्याची मर्यादा कळली.

आता वडसा

देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. गडचिरोली जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या अलीकडचं, रेल्वेचं गाव. नाट्यमंडळांची कार्यालयं इथे आहेत, हंगामाची बुकिंगं इथे होतात. धान कापून झालेल्या बांधीत मंडप पडतो, नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं.

तपासणी क्रमांक एक: रंगमंच. आहे, आणि पक्का आहे. नट व्यावसायिक असतो, हंगामभर रोज नव्या गावात उभा राहतो. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती नट म्हणून. प्रेक्षक तिकीट काढून बसतो; खुर्चीचा दर वेगळा, जमिनीवरच्या बैठकीचा वेगळा. उतरंड मंडपाच्या दारातच दिसते.

तपासणी क्रमांक दोन: सत्ता उलटी होते का? पोस्टर नीट वाचा. नाटकाच्या नावाइतकीच जागा उद्घाटक, अध्यक्ष आणि प्रमुख पाहुण्यांना असते. आमदार, सभापती, सरपंच. नाटकाआधी सत्कार होतात, भाषणं होतात. मग पडदा उघडतो आणि कथेतला खलनायक कोण? बऱ्याचदा गावचा पाटील, सावकार नाही तर पुढारी. एकाच मंचावर एकाच रात्री सत्तेला हारही घातला जातो आणि शिव्याही दिल्या जातात. बाख्तिनचं चष्मं लावलं तर फक्त शिव्या दिसतात. हार दिसत नाही, आणि या रात्रीचं सगळ्यात चांगलं संशोधनद्रव्य त्या हारातच आहे.

तपासणी क्रमांक तीन: कारण. कार्निव्हलची तारीख ईस्टरवरून ठरते. पुढे चाळीस दिवसांचा उपास, म्हणून आधी मनसोक्त खाणं-पिणं. झाडीपट्टीचा हंगाम धानावरून ठरतो. पीक घरात आलंय, हातात चार पैसे आहेत, शेतं रिकामी आहेत, रात्री लांब आहेत. एक सण टंचाईच्या आधीचा, दुसरा सुगीच्या नंतरचा. दोन्ही फेब्रुवारीत दिसतात म्हणून दोन्हींचं कारण एक, असं म्हणणं म्हणजे सहसंबंधालाच कार्यकारण समजणं.

तपासणी क्रमांक चार: पैसा. गावातलं मंडळ ठरलेली रक्कम देऊन प्रयोग घेतं आणि तिकीट विकतं. गर्दी झाली तर नफा मंडळाचा, पाऊस पडला तर तोटाही मंडळाचा. घरोघरी लेकी-जावई, सोयरे बोलावले जातात, आणि त्याच गर्दीत मुलगी दाखवणं, सोयरीक जुळवणं होतं. या सगळ्याला ‘उत्सवी उन्मुक्तता’ म्हणून मोकळं झालात तर जोखीम कुणी घेतली, श्रम कुणाचे, स्वयंपाकघरात रात्रभर कोण होतं, हे प्रश्नच उरत नाहीत.

मग सिद्धांत फेकून द्यायचा?

नाही. फक्त तो योग्य जागी न्यायचा. कादिझमध्ये नाट्यगृहाबाहेर रस्ता आहे, तसा झाडीपट्टीत नाटकाच्या मंडपाबाहेर दंडार आहे, खडी गंमत आहे. खडी गंमत म्हणजे उभ्याने केलेली: शाहीर, ढोलकी, तुणतुणं, बाईचं सोंग घेतलेला पुरुष, समोरासमोर सवालजवाब. पडदा नाही, उंच मंच नाही. बघणारा हात लांब केला तर करणाऱ्याला लागेल इतक्या जवळ. बाख्तिनची कसोटी लावायचीच तर इथे लावा. इथेही तो पूर्ण बसेलच असं नाही. पण निदान ‘नाही’ हे उत्तर आलं तर त्या ‘नाही’ला अर्थ असेल.

यात धोका काय, ते सांगते. प्रबंधांत ‘कार्निव्हल’ म्हणून मोठं नाटकच गाजत राहिलं, तर जिथे ती संकल्पना खरोखर तपासता येते ते प्रकार नोंदीविना संपतील. ‘झॉलीवूड’ या नावाचंही तसंच आहे. २०२२ साली त्या नावाचा मराठी चित्रपट आला आणि शब्द सगळीकडे पोचला. ऐकायला गंमत वाटते, पण उसनं नाव उसनी मोजपट्टीही आणतं: मुंबईपेक्षा काय कमी, स्पेनसारखं काय. धानाच्या बांधीतून सुरू होणारा प्रश्न मागे पडतो.

विचारण्यासारखा प्रश्न कसा असतो?

एक नमुना देते. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. त्याआधीची काही वर्षंही कोर्टकज्ज्यातच गेली होती. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. झाडीपट्टीत शंकरपट दिवसा आणि नाटक रात्री, अशी जोडी असते. मग पट बंद असताना नाटकांचं काय झालं? पटाशिवाय गर्दी टिकली का? मंडळांनी मंडईवर भर दिला का?

हा प्रश्न तपासता येतो, उत्तर चुकू शकतं, आणि पुरावा जवळ आहे: नाट्यमंडळांच्या बुकिंगच्या डायऱ्या, गावमंडळांचे हिशेब, जपून ठेवलेली पोस्टरं. पण घाई नको. याच काळात ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आली, ऐन हंगामाच्या तोंडावर, रोकडीवर चालणाऱ्या धंद्यात. २०२० मध्ये कोविड आला. म्हणजे प्रयोग घटलेले दिसले तरी ते कशामुळे, हे वेगळं काढावं लागेल. जिथे पट कधीच भरत नव्हता अशी गावं तुलनेला घ्या. आमच्या भाषेत याला ‘कंट्रोल’ म्हणतात.

जाताना कान घेऊन जा

कादिझला शेवटच्या शनिवार-रविवारी गेलेला पाहुणा रंगीत कपडे पाहून परततो. चिरिगोताचा विनोद त्याला कळत नाही, कारण तो तिथल्या बोलीत आणि त्या वर्षीच्या बातम्यांत असतो. झाडीपट्टीतही तेच. विनोदी नट झाडीबोलीत शिरला की मंडप हसतो आणि बाहेरचा अभ्यासक कॅमेरा सरसावतो. पाणी ‘पानी’ होतं, डोळा ‘डोरा’ होतो, एवढी ध्वनींची यादी पाठ करून काम भागत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास केला आणि चळवळही उभी केली. तिथून सुरुवात करा. तुम्ही इथलेच असाल तर हा कान तुमच्याकडे आधीच आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली याच दोन जिल्ह्यांसाठी सुरू झालं. आपल्या गावचा विषय वजनदार दिसावा म्हणून त्याला युरोपातलं नाव देण्याची गरज तिथे तरी भासू नये.

सिनॉप्सिस पाठवण्याआधी एवढं करा. सिद्धांतातलं सगळ्यात तपासण्याजोगं एक वाक्य शोधा. सिद्धांत चुकीचा असेल तर शेतात, मंडपात, हिशेबाच्या वहीत काय दिसेल, ते पाच ओळींत लिहा. त्या पाच ओळी लिहिता येत नसतील तर सिद्धांताचं नाव सध्या शीर्षकातून काढा आणि आधी एक पूर्ण रात्र, उद्घाटनाच्या भाषणांपासून पहाटेच्या चहापर्यंत, वहीत उतरवून आणा.