टेबलाखाली जा!

बी.कॉम. झालो त्या दिवशी मी शिक्षणाला रामराम ठोकला. शिक्षणानेही, मला वाटतं, सुटकेचा निःश्वास टाकला असावा. उभयपक्षी संमतीने झालेला असा काडीमोड क्वचितच पाहायला मिळतो. पुढे बँकेत चिकटलो, लग्न झालं, केस विरळ झाले. आता चाळिशी उलटल्यावर आपल्याला कोणी परीक्षेला बसवणार नाही अशा भ्रमात होतो. तेवढ्यात शिक्षण मागच्या दाराने पुन्हा घरात शिरलं. या खेपेला ते नाव बदलून आलं होतं : ऑनलाइन कोर्स.

नाटकाचं परीक्षण होतं, सिनेमाचं होतं, मिसळीचंसुद्धा होतं. कोर्साचं कोणी करत नाही. मी आजवर एकोणीस कोर्स पुरे केले आहेत, त्यांतले निदान सहा जागेपणी. तेव्हा समीक्षक व्हायचा हक्क मला पोचतो.

कथानकापासून सुरुवात करू. कथानक असं नसतंच. एक पाटी येते, तिच्यावर पाच मुद्दे असतात. ती गेली की दुसरी येते, तिच्यावरही पाच. पात्रं दोन. एक टाय लावलेला गोरटेला बाहुला आणि एक चष्मेवाली बाहुली. बाहुल्याला काहीच कळत नसतं आणि बाहुलीला सगळंच कळत असतं. संसाराचं एवढं वास्तव चित्रण मराठी रंगभूमीवरही झालेलं नाही. संवाद मात्र पडेल. ‘आपल्या शिक्षण प्रवासाचा आनंद घ्या’ असं मराठी किल्लारीतच काय, औसा तालुक्यात कोणी बोलत नाही. इथे आनंद घेत नाहीत, होतो. नाही झाला तर गप्प बसतात.

पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. आमच्या शाखेत विशाखापट्टणमहून आलेले मॅनेजर आहेत, पुण्याच्या कॅशियर मॅडम आहेत, नांदेडचा मी आहे आणि किल्लारीचेच शिपाईमामा आहेत. चौघांचं वय वेगळं, भाषा वेगळी, काम वेगळं. कोर्स एकच. विषयही कोणताही असो, बाहुला तोच. आग लागली तर काय करावं हे आणि मुदत ठेवीचं व्याज कसं काढावं हे तो एकाच आवाजात सांगतो. ऐकणाऱ्याला आगीचंही व्याज मिळेल असं वाटावं.

आता व्याजाचं ठीक आहे. आकडेमोड पडद्यावर शिकता येते. चुकलं की यंत्र पुन्हा करायला लावतं आणि आमच्या हिशेबाच्या मास्तरांसारखं कान पिळत नाही. ही गोष्ट मी जमेच्या बाजूला लिहितो. पण एक कोर्स होता खोट्या नोटा ओळखण्याचा. ‘गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा, छपाईचा उठाव जाणवेल,’ असं बाहुली म्हणाली. मी पडद्यावरून बोट फिरवलं. धूळ जाणवली. आमच्या कॅशियर मॅडम डोळे मिटून नुसत्या स्पर्शावर नोट बाजूला काढतात. ती विद्या त्यांना एका जुन्या कॅशियरने शेजारी बसवून, बोट धरून दिलेली. काही विषय डोळ्यांत राहतात, काही बोटांत. कोर्स बनवणाऱ्याने आधी विषयाचा पत्ता तरी विचारावा!

आमची सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिला शिकवावं कसं हेसुद्धा ऑनलाइनच शिकवतात. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा तिला वरून तयार व्हिडिओ येत. ते पुढे पाठवायचे, संपलं काम. तिने आठ दिवस पाठवले. मग एका पोराने विचारलं, “बाई, ह्या बाई कोन हायत? तुमी का बोलत न्हाई?” त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून स्वतःच्या आवाजात धडे पाठवू लागली. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. पोरं म्हणे शिट्ट्या मोजायची. त्यांची अंकगणिताची तयारी उत्तम झाली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी ग्लोबल टीचर प्राइझ मिळवून जगभर गाजले. पुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे गोष्टी, कविता, व्हिडिओ ठेवायची त्यांची कल्पना. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. लोकांनी त्यातला कोड पाहिला. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो : आधी वर्गातली पोरं, मग कोड. आमच्याकडे आधी कोर्स येतो आणि मग त्यात बसतील अशी माणसं शोधतात. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून दूर बसलेल्यांना शिकवतंय. पण त्यांनीही गावोगावी अभ्यासकेंद्रं ठेवली आणि केंद्रावर शंका विचारायला संमंत्रक नावाचा हाडामांसाचा माणूस ठेवला. बाहुल्यावर भागलं नाही.

असो. आता ज्या कोर्सासाठी हे परीक्षण लिहायला बसलो, त्याच्याकडे वळतो. विषय आपत्ती व्यवस्थापन.

एक गुपित सांगतो, वाचकहो, मॅनेजरांना कळू देऊ नका. शिपाईमामांचे कोर्स मीच सोडवतो. ते शेजारी स्टुलावर बसतात, मी टिचक्या मारतो, प्रमाणपत्र त्यांच्या नावे निघतं. पण यंदा पडद्यावर ‘भूकंप’ अशी पाटी आली आणि मामांनी माझा हात धरला.

“साहेब, ह्यो पेपर मी सोडवतो.”

प्रश्न होता : भूकंप झाल्यास प्रथम काय कराल? अ) मजबूत टेबलाखाली जाईन. ब) लिफ्टने खाली जाईन. क) खिडकीजवळ उभा राहीन. ड) यांपैकी नाही.

मामांनी बराच वेळ वाचलं. “तवा आमच्या घरात टेबल कुठला, साहेब?” म्हणाले, आणि ‘ड’वर टिचकी मारली.

पडद्यावर बाहुली तोंड पाडून म्हणाली, “अरेरे! पुन्हा प्रयत्न करा.”

30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. नांदेडला मी आठवीत होतो. फळीवरची भांडी वाजली, आई उठून बसली. किल्लारीत मामा सव्वीस वर्षांचे होते. आदल्या रात्री गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. त्या काळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सगळ्यांत सुरक्षित पट्ट्यात दाखवलेला. 1992 पासून जमिनीत हादरे बसत होते, ते गावाला कळत होते. नकाशाला कळायचे होते.

मामा एवढंच म्हणाले, “अंधारात कुठं उकरावं कळंना. मग मी एकेकाचं घर ध्यानात आणलं. म्हातारी चुलीपाशी झोपती, पोरं मदल्या खनात. तितंच उकरलं. तिघं जितं निगाले.” थोड्या वेळाने म्हणाले, “आमच्यातलं कुनी न्हाई.”

मी पुढची पाटी काढली नाही. बाहुला टाय सावरत थांबून राहिला.

टेबलाखाली जाण्याचा सल्ला खोटा नाही. पक्क्या इमारतीत तो बरोबरच आहे. फक्त तो कुणाच्या घरी जातोय हे पाकिटावर लिहिलेलं नाही. कोण कुठे झोपतं हे ठाऊक असलेला माणूसच योग्य जागी उकरू शकतो, आणि माझ्या मते शिकवणं म्हणजेही तेच.

एकच माप सगळ्यांना लावलं की काय होतं, हे किल्लारीला नव्याने सांगायला नको. भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानाने 250, 450 किंवा 750 चौरस फुटांची घरं मिळाली. घरं पक्की होती, त्यांची गरज होती, त्याबद्दल कोणी नाव ठेवू नये. पण आलेखाच्या कागदासारख्या सरळ रांगा; म्हैस कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, संध्याकाळी बायांनी कुठे बसायचं, हे त्या कागदावर नव्हतं. मग लोकांनी हळूहळू पत्र्याची पडवी काढली, न्हाणी जोडली, गोठा उभारला. मामांच्या 250 फुटांत सरकारचं काय आणि मामांचं काय, हे लांबूनही ओळखू येतं. राहतात ते मात्र पडवीतच.

कोर्साला पडवी जोडायची सोय नाही, ही माझी एकमेव आणि शेवटची टीका. शिकवणाऱ्याला आपला आवाज घालता येत नाही, शिकणाऱ्याला आपली गोष्ट सांगता येत नाही. शेवटी एक चौकट असते : ‘आपला अभिप्राय पन्नास अक्षरांत लिहा.’ मी ‘उत्तम’ लिहिलं. सत्तेचाळीस अक्षरं शिल्लक राहिली.

मामा नापास झाले. नव्याने लागलेल्या दोन पोरांना शंभरपैकी शंभर. दुपारी डबे खाऊन झाल्यावर मामा त्या दोघांना म्हणाले, “चला, टेबलाखाली जाऊन दावा.”

पोरं हसत वाकली आणि वाकलेलीच राहिली. आमच्या प्रत्येक टेबलाखाली जुन्या व्हाउचरांची पोती ठासून भरलेली आहेत. तिथे माणूस सोडा, मांजरही जाणार नाही. मामांनी मग रेकॉर्डचं उंच कपाट दाखवलं. ते त्यांनी कधीच तारेने भिंतीला आवळून टाकलं होतं, कोणी न सांगता. मागचं दार कोणत्या बाजूला उघडतं तेही दाखवलं. सगळं दहा मिनिटांत. पाटी एकही नाही.

त्या शनिवारी आम्ही पोती उपसली. माझ्या टेबलाखाली शिरून पाहणारा पहिला मीच. गुडघे वाजले, पण मावलो. वरून मामांनी टेबल गदगदा हलवून पाहिलं आणि म्हणाले, “आता पास, साहेब.”

वीस कोर्स झाले माझे. हा विसावा जागेपणी केलेला सातवा.