वैवाहिक वाद आणि जोडीदाराचा सेवा-अभिलेख : एक चिकित्सा

घटस्फोटाच्या दाव्यात अंतरिम पोटगी ठरविताना जोडीदाराचे वेतन हा कळीचा मुद्दा असतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २४ नुसार पती वा पत्नी, कोणीही अशी पोटगी मागू शकते. मात्र वेतनाचा पुरावा ज्याच्याकडून ती मागावयाची, बहुधा त्याच्याच हाती असतो.

जोडीदार शासकीय सेवेत असल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा सोपा मार्ग वाटतो. तथापि गिरीश देशपांडे प्रकरणात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याचा सेवा-तपशील कलम ८(१)(ञ) खालील वैयक्तिक माहिती ठरविला. हा निर्णय वैवाहिक वादातील नव्हता. तोच पत्नीच्या अर्जास लावणे म्हणजे पोटगीचा हक्क असलेल्या व्यक्तीस त्रयस्थ मानणे होय. शिवाय याच अधिनियमाचे कलम ४ कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करण्यास सांगते. ही विसंगती ओळखूनच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये पोटगीच्या वादात पतीच्या वेतनाची माहिती पत्नीस देय मानली.

परंतु डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने कलम ८(१)(ञ) मधील सूट व्यापक केली व ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. कलम ८(२) मधील जनहिताची तरतूद कायम असली, तरी एका कुटुंबाचा वाद त्यात बसविणे कठीण आहे. खाजगी आस्थापनेतील नोकरदाराबाबत तर हा मार्ग मुळातच नाही.

उरतो तो न्यायालयीन मार्ग. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निर्णयाने उभय पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. त्यातील कथन विवादित असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार प्रश्नावली देता येते, कागदपत्रे मागविता येतात. नियोक्त्यासही समन्स काढता येते. तथापि प्रतिज्ञापत्र हे अखेर स्वकथन आहे आणि ते खोटे ठरविण्याचा भार, साधने नसलेल्या पक्षावरच पडतो.

येथे वेतन आणि संपूर्ण सेवापुस्तक यांत भेद करणे अगत्याचे आहे. वेतन, भत्ते व कपाती पोटगीशी थेट निगडित आहेत. ज्ञापने, गोपनीय अहवाल वा वैद्यकीय रजा सर्वसाधारणपणे तशा नाहीत. म्हणून कुटुंब न्यायालयांनी पहिल्याच टप्प्यावर नियोक्त्याकडून केवळ वेतन-प्रमाणपत्र मागविण्याचा प्रघात पाडल्यास खाजगीपणा जपला जाईल आणि पोटगीही वेळेवर मिळेल. उशिरा मिळालेली अंतरिम पोटगी आपले प्रयोजनच गमावते.