आमचा समुद्र की आपला?

वस्तुसंग्रहालय म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर गंजलेल्या तलवारी, नाक तुटलेल्या मूर्ती आणि काचेआडची नाणी उभी राहतात. वस्तू आधी, तिची हकीगत मागून. बार्सिलोनाच्या बंदरावर १९९६ साली उघडलेले कॅटलोनियाच्या इतिहासाचे संग्रहालय नेमके याच्या उलट आहे. तिथे हकीगत आधी ठरलेली आहे आणि वस्तू तिच्या साक्षीला बोलावल्या आहेत. म्हणून तिथे जाणाऱ्याने वस्तू पाहाव्यात, पण कान हकीगतीकडे द्यावा.

इमारत मोठी देखणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली विटांची ही प्रचंड वखार. जुन्या बंदरातल्या तशा वखारींपैकी आज एवढीच उरली आहे. जिथे जहाजांचा माल रचून ठेवीत, तिथे आता एका लोकसमूहाची आठवण रचून ठेवली आहे. मी पाहिली ती मांडणी दोन मजल्यांवर होती. खालच्या मजल्यावर आदिमानवापासून अठराव्या शतकापर्यंत, वरच्यावर तेथून आपल्या काळापर्यंत. अस्सल जुन्या वस्तू त्या मानाने थोड्या. प्रतिकृती, नकाशे, उभे केलेले देखावे पुष्कळ. मुलांना घेऊन जावे असे हे ठिकाण आहे. जाणकार नाक मुरडतील; मुरडोत बापडे.

माझी अडचण निराळीच झाली. दालनांना नावे दिली होती: ‘राष्ट्राचा जन्म’, ‘साम्राज्याच्या कडेला’, ‘वाफ आणि राष्ट्र’. त्यांतच एक होते, ‘ला नोस्त्रा मार’. याचे मनातल्या मनात मराठी करू लागलो आणि अडलो. आमचा समुद्र म्हणू की आपला समुद्र? कॅटलन भाषेला एकच शब्द पुरतो. मराठीला पुरत नाही. ‘आमचे घर’ म्हणताना आपण ऐकणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवतो. ‘आपले घर’ म्हटले की त्याला पाट मांडून देतो. मला वाटते, कोणत्याही लोकांच्या इतिहासाच्या संग्रहालयाला हाच प्रश्न विचारावा. इथे ‘आमचे’ किती आणि ‘आपले’ किती?

त्या समुद्राचेच घ्या. पहिल्या जाउमे राजाने १२२९ साली मायोर्काची स्वारी केली. मग कॅटलन गलबते भूमध्य समुद्रभर फिरली, व्यापाऱ्यांनी सागरी व्यवहाराचे कायदे लिहून काढले. अभिमान वाटावा असाच हा इतिहास आहे. पण १२८७ साली शेजारचे मिनोर्का बेट जिंकले गेले, तेव्हा तिथली बहुतेक मुसलमान वस्ती गुलाम म्हणून विकली गेली. त्या माणसांचाही तो समुद्र होताच की! ‘आमचा समुद्र’ या मथळ्यात ती माणसे मावत नाहीत. आणि ज्या वखारीत आपण उभे आहोत, तिच्यापासून थोड्या अंतरावरच्या चौकातून आन्तोनिओ लोपेस या धनाढ्य व्यापाऱ्याचा पुतळा २०१८ साली हलवावा लागला, कारण गुलामांच्या व्यापाराशी त्याचा संबंध जोडला जातो. शहराने रस्त्यावर जो हिशेब मांडायला घेतला आहे, तो संग्रहालयाने टाळून कसे चालेल?

मग येते १७१४. मुळात ही लढाई स्पेनच्या गादीच्या वारसाची. कॅटलन सभेने आधी पाचव्या फिलिपला राजा मानले होते. १७०५ नंतर ते आर्चड्यूक चार्ल्सच्या बाजूला गेले. पाठीराख्या इंग्रजांनी १७१३ साली तह करून हात झटकले, आणि ११ सप्टेंबर १७१४ रोजी बार्सिलोना पडले. कॅटलोनियाचे स्वतःचे कायदे आणि संस्था गेल्या. परत मिळालेल्या विधिमंडळाने १९८० साली नेमका हाच पराभवाचा दिवस राष्ट्रीय सण ठरवला. आम्हा मराठी माणसांना पानिपत विसरता येत नाही. ते आपल्या बोलण्यातच शिरून बसले आहे. परंतु १४ जानेवारीला आपण बहुतेक वर्षी तिळगूळ वाटत असतो! हे लोक त्या दिवशी राफेल कासानोवाच्या पुतळ्याला फुले वाहतात. हा कासानोवा त्या दिवशी निशाण घेऊन लढताना जखमी झाला खरा, पण मेला नाही. पुढे त्याला माफी मिळाली, त्याने पुन्हा वकिली केली आणि तो १७४३ साली वारला. पराभवानंतरही माणसे चूल पेटवतात, अशिलांचे कागद वाचतात. हे पुतळ्याला सांगता येत नाही. संग्रहालयाला सांगता येते, आणि ते त्याने मोठ्याने सांगायला हवे.

वरच्या मजल्यावर मात्र सूर बदलतो. अठराव्या शतकात बार्सिलोनात सुती कापडावर छपाई करणारे कारखाने निघाले. त्या छापील कापडाचे नाव ‘इंडियानेस’, कारण मूळ नक्कल आपल्या हिंदुस्थानच्या चिटांची. तिथून गिरण्या, गिरण्यांतून संप आणि कामगारांच्या संघटना. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला इथे परके वाटत नाही.

आणि मग दोन देखावे. एक हवाई हल्ल्यापासून बचावाच्या आसऱ्याचा. मार्च १९३८ मध्ये इटालियन विमानांनी तीन दिवसांत बार्सिलोनातली सुमारे हजार माणसे मारली. दुसरा फ्रँकोच्या राजवटीतल्या शाळेच्या वर्गाचा. नुसती बाके आणि फळा. त्या फळ्यावर मुलांची घरची भाषा लिहायची नव्हती. एक वृद्ध गृहस्थ तिथे बराच वेळ उभे होते; बरोबरच्या नातवाला काही सांगत नव्हते, नुसते बाकावर हात ठेवून होते. लाकूड अस्सल होते की नकली, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला नाही. ज्या आईला आपल्या लेकराने आपल्या भाषेत बाराखडी गिरवावी असे वाटते, त्या प्रत्येक आईचा तो वर्ग होता. तो ‘आमचा’ नव्हता. तो ‘आपला’ होता.

याच राजवटीत, पन्नास आणि साठच्या दशकांत, आन्दालुसिया आणि मुर्सियाकडून लाखो गोरगरीब पोटासाठी कॅटलोनियात आले. फ्रान्सेस्क कान्देल या लेखकाने १९६४ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यांना नाव दिले ‘इतर कॅटलन’. आज त्यांची नातवंडे याच संग्रहालयात शाळेच्या सहलीने येतात. अलीकडे दूरदेशांतून आलेल्यांची मुलेही येतात. या मुलांचे पणजोबा १७१४ च्या तटावर नव्हते. तरी ती हकीगत त्यांची व्हायची असेल तर तिच्यात विजय आणि वेदना दोन्ही असल्या पाहिजेत. केवळ स्वतःच्या वेदना नव्हेत, स्वतः दिलेल्यासुद्धा.

एकंदरीत हे संग्रहालय गोष्ट उत्तम सांगते, आणि हीच त्याची कसोटी आहे. मोठ्या शब्दांच्या दालनांत ते व्याख्यान देते. बाकाजवळ आणि आसऱ्यात ते माणसाशी बोलते. भाषा दडपली गेलेल्या लोकांना स्वतःची हकीगत स्वतःच्या तोंडाने सांगण्याचा पुरा अधिकार आहे. मात्र जुलूम सोसताना ‘आम्ही’ हा शब्द माणसाला उभे राहण्याचे बळ देतो. घर परत मिळाल्यावर ‘आपण’ म्हणायला शिकावे लागते. महाराष्ट्रातही आपण गड, वाडे आणि स्मारके मोठ्या हौसेने उभी करीत आहोत. त्यांच्या दारावरची पाटी लिहिताना एवढा एक शब्द दोनदा तोलून पाहावा. आपल्या भाषेने आपल्याला ती सोय करून दिलीच आहे.